लाकडी डेक आणि घरची सुतारकामं: ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडवरच्या टॉवरची बाल्कनी, पाचपाखाडीतल्या इमारतीचं टेरेस, नेरूळ-बेलापूरचं सिडको रो-हाऊस. प्रश्न बहुतेक अशाच तीन प्रकारच्या जागांवरच्या डेकबद्दल, म्हणजे फ्रेमवर बसवलेल्या फळ्यांच्या तळाबद्दल, येतात. "डेक कशाचा करू?" हे सगळे विचारतात. "फळ्यांखालचं पाणी कुठून जाणार?" हे फारसं कुणी विचारत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात डेकची वाट लागते ती बहुधा तिथेच. म्हणून खालच्या उत्तरांत लाकडाइतकीच पाण्याचीही चर्चा आहे. लाकडाची मापं फूट-इंचांत दिली आहेत, कारण वखारीत तीच चालतात. फटी आणि ड्रिलची भोकं मिलिमीटरमध्ये आहेत.

१. बाल्कनी, टेरेस आणि अंगण, तिन्हीकडे एकाच पद्धतीचा डेक चालतो का?

वरच्या फळ्या चालतील, खालचं काम नाही. टेरेसवर उंची भरपूर मिळते, पण वॉटरप्रूफिंगला हात लावायचा नसतो (प्रश्न ६). अंगणात ओल आणि वाळवी असते (प्रश्न ११ आणि १२). बाल्कनीत अडचण उंचीची. तिथे सगळ्यात आधी सरकत्या दरवाजाच्या ट्रॅकपासून फरशीपर्यंतचं माप घ्या. ट्रॅकला बाहेरच्या अंगाने पाणी निघायची बारीक भोकं असतात. डेकची वरची पातळी त्या भोकांच्या किमान अर्धा इंच खाली हवी. भोकं झाकली गेली तर पहिल्या जोरदार सरीलाच पाणी हॉलमध्ये येतं. एक इंची अ‍ॅल्युमिनियम ट्यूबची फ्रेम आणि एक इंची फळी मिळून दोन इंच होतात, खालचे रबर पॅड वेगळे. तेवढी जागा नसेल तर फ्रेमचा नाद सोडा आणि टाइल्स घ्या (प्रश्न १५).

२. टेरेस आमच्या फ्लॅटला जोडून आहे. तरी परवानगी घ्यावी लागते का?

आधी करारनामा काढून वाचा. टेरेस तुमच्या फ्लॅटबरोबर दिल्याचं त्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर केवळ दार तिथे उघडतं म्हणून ते तुमचं होत नाही. इमारतीचं सामाईक टेरेस असेल तर सर्वसाधारण सभेच्या संमतीशिवाय काम सुरू करू नका. स्वतःच्या बाल्कनीत नुसता ठेवलेला, उचलून काढता येणारा डेक असला तरी सोसायटीला लेखी कळवा आणि पत्रावर पोच घ्या. पुढे गळतीचा वाद निघाला तर तो कागद कामाला येतो. वर छप्पर, बाजूने बंदिस्त काच, विटांचा कट्टा यातलं काही करणार असाल तर ते बांधकाम झालं. त्याला महापालिकेची परवानगी लागते, आणि सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या घरांनी पट्ट्याच्या अटीही पाहाव्यात.

लिफ्टचंही आधीच विचारा. दहा फुटी फळी पॅसेंजर लिफ्टमध्ये मावत नाही. वॉचमनशी वाद घालत ती चौदा मजले जिन्याने न्यायची नसेल तर माल सात फुटी तुकड्यांत मागवा.

३. आपल्या हवेला कुठलं लाकूड टिकतं?

सागवान, पण त्यातलं गाभ्याचं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून त्याला वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही. कडेच्या पांढुरक्या भागात ते नसतं, आणि तो भाग साध्या लाकडासारखाच कुजतो. वखारीत "प्युअर सागवान" म्हणून दाखवलेल्या फळीची दोन्ही टोकं आणि कडा बघा. कडेने बोटभर पांढरा पट्टा असेल तर ती घरातल्या कपाटाला ठीक, डेकला नको. बल्लारशा किंवा सीपी (जुना मध्य प्रांत) म्हणून विकलं जाणारं आपलं सागवान डेकला उत्तम. आफ्रिकेतून येणारं लागवडीचं सागवान स्वस्त पडतं, पण लवकर वाढवलेलं असल्याने त्यात पांढरा भाग जास्त निघतो. निवडून घेतलं तर चालतं.

मर्बाऊ हे आयात केलेलं लाकूड कणखर असतं, मात्र पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत त्यातून लालसर-तपकिरी रंग गळतो. बाल्कनीचं पाणी खालच्या मजल्याच्या पांढऱ्या भिंतीवरून ओघळत असेल तर शेजाऱ्यांशी संबंध बिघडतील. थर्मो पाइन आणि थर्मो अ‍ॅश ही उष्णतेची प्रक्रिया केलेली लाकडं वाकत नाहीत, पण ठिसूळ असतात, भोक न पाडता स्क्रू मारला की चिरतात. ट्रीटेड, म्हणजे संरक्षक रसायन मुरवलेलं, पाइन चालतं. ते जिथे कापाल तिथलं टोक उघडं पडतं, त्यावर संरक्षक द्रव ब्रशने पुन्हा लावायला हवा. उरलेले तुकडे शेकोटीत किंवा चुलीत घालू नका, कारण काही प्रक्रियांमध्ये आर्सेनिक वापरतात. रबरवूड आणि आंबा घरातच बरे.

लाकूड कुठलंही असो, ओलं नको. मीटरवर १२ ते १५ टक्के ओलावा दिसला तर काम सुरू करा. मीटर नसेल तर फळ्या सावलीत, मध्ये रिपा ठेवून, हवा खेळेल अशा रचा आणि एक छोटा तुकडा दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

४. मिस्त्री म्हणतो, "७१० चा मरीन प्लाय टाकू, वर लॅमिनेट. वॉटरप्रूफच आहे." ऐकावं का?

नाही. आयएस (भारतीय मानक) ७१० हा शिक्का खरा असला तरी त्यातली हमी मुख्यतः थर जोडणाऱ्या गोंदाची असते. उकळत्या पाण्यात थर सुटत नाहीत, पण मधलं लाकूड पाणी पितंच, आणि ते कापलेल्या कडेतून आत शिरतं. उन्हात तापणं आणि पावसात भिजणं असं आलटून पालटून झालं की लॅमिनेट उचकटतं आणि त्याखाली ओल कोंडते. किचनच्या सिंकखाली, बाथरूमच्या व्हॅनिटीला ७१० जरूर लावा, कडांना पट्टी लावून. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा) प्लाय पुरतो. उघड्यावर प्लाय नकोच.

५. डब्ल्यूपीसी लावलं की देखभाल संपली, खरं का?

पॉलिशची कटकट संपते, देखभाल नाही. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी, त्यामुळे सावलीत, कोपऱ्यात काळे ठिपके पडतात. ब्रश आणि साबणाच्या पाण्याने ते धुवावे लागतात. गडद रंगाची फळी एप्रिल-मेच्या दुपारी इतकी तापते की अनवाणी उभं राहवत नाही. पश्चिमेकडच्या बाल्कनीला फिका रंग घ्या.

लावताना होणाऱ्या चुका दोन. पहिली, फ्रेममधलं अंतर. लाकडाच्या एक इंची फळीला १६ इंचांवर आधार चालतो, डब्ल्यूपीसीला १२ इंचांवर हवा, नाहीतर उन्हाळ्यात फळी मधोमध झोळ खाते. दुसरी, टोकाची फट. लाकूड रुंदीत फुगतं, डब्ल्यूपीसी उन्हाने लांबीत वाढतं. आठ फुटी फळी कडक उन्हात सुमारे ३ मिमी लांब होते. दोन फळ्यांची टोकं चिकटवून बसवली तर ती एकमेकींना ढकलून वर उठतात. टोकांमध्ये ५ मिमी आणि भिंतीशी ८ ते १० मिमी सोडा. फ्रेमसाठी डब्ल्यूपीसीचे तुकडे वापरू नका.

६. वॉटरप्रूफिंगला एकही भोक न पाडता टेरेसवर डेक कसा बसवायचा?

डेक ठेवायचा असतो, ठोकायचा नसतो. सगळी फ्रेम एकमेकींना जोडून एक अखंड चौकट करा आणि ती रबर पॅडवर किंवा उंची कमी-जास्त होणाऱ्या प्लास्टिक पेडेस्टलवर ठेवा. स्वतःच्या वजनाने ती बसून राहते. वॉटरप्रूफिंग पॅरापेटवरही साधारण फूटभर चढवलेलं असतं, त्या पट्ट्यातही ड्रिल लावू द्यायचं नाही. वरच्या मजल्यांवर वारा फार असेल तर फ्रेमचे कोपरे त्या पट्ट्याच्या वर पॅरापेटला धरा.

कामाचा क्रम असा ठेवा:

– आधी पाण्याची चाचणी. पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा, पातळीवर खडूची खूण करा, ४८ तास ठेवा. खालच्या घराचं छत बघा आणि फोटो काढा.
– फरशीचा उतार मोजा. १०० ला १ असेल तर दहा फुटांत ३० मिमी फरक पडतो. डेक सपाट हवा, म्हणून जाळीकडचे पॅड तेवढे उंच करायचे. उतार मोडून फरशी सपाट करायची नाही.
– फ्रेमचे लांब सेक्शन पाण्याच्या दिशेने ठेवा. उताराला आडवे टाकले तर प्रत्येक सेक्शन छोटा बांध होतो, त्याच्या मागे माती आणि पानं साठतात.
– जाळीच्या वर दीड फूट बाय दीड फुटाचं झाकण करा. त्याला स्क्रू नको, बोटं घालून उचलता येईल अशी दोन भोकं पुरेत.

हे झाकण बरेच मिस्त्री टाळतात, कारण फळ्यांची रेघ तुटते. तुम्ही अडून बसा. मेअखेर आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ते उचलून जाळी साफ करायची आहे. खाली साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि महापालिकेची माणसं डेंग्यूसाठी तपासायला येतात ती नेमकं हेच बघतात.

७. दहा बाय दहाच्या डेकला माल किती लागेल?

सागवान धरून हिशेब:

फळी पाच इंची, सव्वा इंच जाडीची मागवा. रंधा मारून ती पावणेपाच इंच रुंद (१२० मिमी) आणि एक इंच जाड उरते. ५ मिमी फट धरून २५ ओळी, म्हणजे २५० रनिंग फूट. दहा टक्के तूट धरून २७५. फ्रेम दोन बाय तीन इंची, १६ इंचांवर नऊ सेक्शन आणि दोन टोकांच्या पट्ट्या, मिळून ११० फूट.

घनफूट काढायची रीत: रुंदी इंचात × जाडी इंचात × लांबी फुटांत, भागिले १४४. फळ्या १२ घनफूट, फ्रेम ४.६, एकूण साडेसोळा-सतरा. पॅड दर अडीच फुटांवर, म्हणजे ४५. स्क्रू २५ × ९ × २ = ४५०, पाचशेचा बॉक्स घ्या. फळी सात फुटी आणली तर जोड वाढतात आणि तूट पंधरा टक्के धरावी लागते. प्रत्येक जोड सेक्शनच्या वरच यायला हवा.

भाव करताना वखारवाल्याला विचारा की माप करवतीचं की रंध्यानंतरचं. भावातला मोठा फरक बहुधा इथेच निघतो.

८. स्क्रू स्टीलचेच होते, तरी वर्षभरात फळ्यांवर काळे डाग पडले. का?

ते बहुधा साध्या लोखंडाचे, पिवळ्या किंवा चंदेरी मुलाम्याचे असणार. सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा डाग उठतो, पाणी लागलं की पसरतो. दुकानात "एसएस ३०४" (स्टेनलेस स्टील) म्हणून मागा. वाशी, सीवूड्स, पाम बीच रोड अशा खाडीकाठच्या घरांना ३१६ घ्या, खारी हवा ३०४ लाही ठिपके पाडते.

एक इंची फळीला ८ नंबरचा दोन इंची स्क्रू, आधी ३ मिमीचं भोक, टोकापासून किमान इंचभर आत. ड्रिलचा जोर कमी ठेवा. स्टेनलेस स्टील मऊ असतं, मान तुटून स्क्रू आतच राहतो.

पडलेल्या डागांवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड चालतं. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम, ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी असतं, हातमोजे घाला, मुलं आणि मांजर दूर. स्क्रू ठीक असूनही डाग आले असतील तर वर कुणाकडे ग्रिल कापायचं काम चाललं होतं का बघा. ग्राइंडरच्या ठिणग्यांतली लोखंडाची भुकटीही असेच ठिपके पाडते.

९. कुठलं पॉलिश? मिस्त्री पीयू म्हणतो.

उघड्या डेकला तेल. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर सुरुवातीला काचेसारखा दिसतो, पण लाकूड खालून ओल घेतं आणि थर पापडी धरून निघतो. मग सगळा खरवडल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही. डेकिंग ऑइल लाकडात मुरतं, फिकं पडलं की धुऊन पुन्हा लावता येतं. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल फडक्याने पुसा. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. मे महिन्यात एक हात, जमलं तर ऑक्टोबरमध्ये दुसरा. फळ्यांच्या टोकांना तेल जास्त पाजा, पाणी तिथूनच जास्त शिरतं. मेलामाइन हे पॉलिश घरातल्या फर्निचरचं आहे. कच्चं जवसाचं तेल आपल्या दमट हवेत बुरशी धरतं.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका. दिवाळीत पणत्या थेट फळीवर न ठेवता ताटलीत ठेवा. सांडलेल्या तेलाचा डाग डब्ल्यूपीसीवर तर फारच हट्टी.

१०. पावसाळ्यात काम करून घेतलं तर मिस्त्री स्वस्तात करतो. हरकत काय?

जुलैत फळी फुगलेली असते. तेव्हा ६ मिमी फट ठेवलीत तर मार्चमध्ये ती ८-९ मिमी होते, खुर्चीचा पाय आणि मुलांची बोटं अडकतात. शिवाय तेल मुरत नाही. दिवाळीनंतर ते मेपर्यंत काम करा. नाइलाजच असेल तर ओल्या फळीला ३ मिमी फट ठेवा. सुक्या फळीला ५-६ मिमी, मध्ये ६ मिमी प्लायचा तुकडा सरकवत गेलं की फटी सारख्या येतात.

११. रो-हाऊसच्या मागच्या अंगणात थेट मातीवर डेक करायचाय.

मातीला लाकूड कुठेही टेकता कामा नये. वरची चार ते सहा इंच माती, मुळं काढा, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरून चार इंच खडी भरा. चार-चार फुटांवर फूटभर चौरस, दीड फूट खोल काँक्रीटचे ठोकळे (सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३) घाला, जमिनीच्या वर तीन इंच डोकं काढून. त्यात धातूचे पाय बसवा आणि त्यावर दोन बाय चारची फ्रेम. घराच्या भिंतीपासून अर्धा इंच सुटं ठेवा. फळ्यांखाली किमान सहा इंच हवा हवी, आणि कडेने बारीक जाळी, नाहीतर घुशी बिळं करतात. काम संपल्यावर भुसा आणि तुकडे झाडून काढा. खाली राहिलेला लाकडाचा तुकडा म्हणजे वाळवीला दिलेलं आमंत्रण.

डेक अडीच फुटांपेक्षा उंच असेल तर हे माप पुरत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

१२. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडते. वाळवी का?

वाळवी मातीची नळी करून येते आणि लाकूड आतून पोकळ करते, ठोकलं की बद्द वाजतं. बारीक टाचणीएवढी भोकं आणि पीठ दिसलं तर तो भुंगा. तो पांढुरक्या भागात आणि स्वस्त प्लायमध्ये असतो. भुंगा एका फळीपुरता, फळी बदला किंवा भोकांत औषध सोडा. वाळवी जमिनीतून येते, नुसत्या फळीवर फवारून फायदा नाही, जमिनीत आणि भिंतीलगत औषध सोडायला पेस्ट कंट्रोलवाला लागतो. बोरॅक्सचं पाणी घरातल्या लाकडाला चांगलं, उघड्यावर पावसात धुऊन जातं.

१३. डेकवर कुंड्या आणि झोपाळा ठेवला तर बाल्कनीला वजन झेपेल का?

डेकचं वजन हा प्रश्न नाही, ते चौरस फुटाला तीनेक किलो. आयएस ८७५ प्रमाणे घराची बाल्कनी चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला सुमारे २८ किलो धरून डिझाइन करतात. माणसांचा वावर असलेलं टेरेस त्याच्या निम्मं धरून. आता ओली माती घनफुटाला ५० किलो भरते. दीड फूट खोल मातीची पेटी म्हणजे चौरस फुटाला ७५ किलो. म्हणून पेट्या उथळ, भिंतीलगत, कोकोपीट मिसळून.

झोपाळा पर्गोलाला (पट्ट्यांच्या मांडवाला) टांगू नका, हेलकाव्याचा ओढ सरळ वजनापेक्षा जास्त असतो. स्टँडचा झोपाळा घेतला तर त्याच्या चारही पायांखाली जादा पॅड द्या. स्लॅबला हूक मारायचा असेल तर आधी इंजिनिअर.

१४. डेकमुळे रेलिंग बुटकं झालं. चालेल?

नाही. रेलिंगची उंची तयार पृष्ठभागापासून मोजतात. चार इंची डेक घातलात की रेलिंग चार इंचांनी कमी. एक मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. कडेला बसायचा कट्टा केला तर लहान मुलाच्या दृष्टीने रेलिंग कट्ट्यापासून सुरू होतं.

१५. भाड्याचं घर आहे. काय करता येईल?

फूट बाय फूटच्या (प्रत्यक्षात ३०० मिमी), प्लास्टिक बैठकीच्या, एकमेकींत अडकणाऱ्या क्लिक टाइल्स. शंभर चौरस फुटांना १०३-१०५ लागतात. उतारावरच ठेवा, महिन्यातून एकदा एक ओळ उचलून खालचा गाळ धुवा. घर सोडताना सोबत न्या.

१६. जुन्या चाळीचं सागवान मिळतंय, आणि गावी पडलेला सागही आहे. वापरू का?

चाळीचं लाकूड पूर्ण सुकलेलं, बहुतेक गाभ्याचं, म्हणून उत्तम. मात्र आत तुटलेले खिळे असतात. रंध्याचं पातं तुटलं की गिरणीवाला पैसे मागतो. आधी चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा, आणि जुन्या तुळयांची टोकं, जी भिंतीत होती, ती कापून टाका. तिथेच कुजलेलं असतं. गावच्या सागाचं वेगळं आहे. साग स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी आणि लाकूड आणायला वन विभागाचा वाहतूक पास लागतो. पास हातात नसताना टेम्पो भरू नका.

१७. पावसात घराचे दरवाजे फुगतात. रंधा मारू का?

जुलैत मारलात तर फेब्रुवारीत फट दिसेल. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा, दार फुगण्याऐवजी लोंबलेलं असण्याची शक्यता असते. तरी घासत असेल तर घासणाऱ्या जागी पेन्सिलची खूण करून ठेवा आणि दिवाळीनंतर तेवढाच, २ मिमीपर्यंत छिला. मग वरची आणि खालची कड रंगवा. त्या दोन कडा रंगारी जवळजवळ कधीच रंगवत नाहीत, आणि दार तिथूनच ओल पितं.

१८. डेक झाल्यावर खालच्या घरी गळती सुरू झाली. सगळा उचकटावा लागेल का?

प्रश्न ६ प्रमाणे केला असेल तर नाही. आधी गळती फक्त पावसात आहे की बारा महिने, ते बघा. उन्हाळ्यातही छत ओलं असेल तर संशय पाईपवर घ्या. पावसातलीच असेल तर जाळीचं झाकण उचला, पाईपच्या तोंडाभोवतीचा सांधा तपासा. बऱ्याचदा दोष तिथे निघतो आणि चार फळ्यांत काम भागतं. नाही निघाला तर तीन-तीन फुटांचे पट्टे मोकळे करून एकेक भाग पाण्याने तपासा. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला मार्करने आकडा आणि दाराकडे तोंड केलेला बाण काढा, मगच स्क्रू सोडा. परत बसवताना तीच फळी त्याच भोकांवर यायला हवी.